ठाणं आधीचं की मुंबई? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात आपण पहिल्या रेल्वेवर दोन पानं छापली, त्यात ठाणे स्टेशनाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आणि ठाणेकर भडकले. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर जुने फोटो आले, एका आजोबांनी तर पेन्सिलने काढलेला खाडीचा नकाशाच पाठवलाय (छान आहे आजोबा, जपून ठेवलाय). म्हणून या वेळचा अख्खा कॉलम ठाण्याला दिला. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी प्रश्नाच्या नावाखाली पार्किंगची तक्रार पाठवली त्यांना हात जोडून सॉरी, त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

प्रश्न : काका, माझा पुण्याचा मावसभाऊ आला की दर वेळी चिडवतो, ठाणं म्हणजे काय तर मुंबईवाल्यांची झोपायची जागा, तुमचं स्वतःचं असं काहीच नाही. त्याला गप्प करायला काहीतरी ठोस द्या ना. (एक कॉलेजवाली, नौपाडा)

उत्तर : घे, एक नाही चार देतो. पहिलं म्हणजे शिलाहार. साधारण नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणात या घराण्याचं राज्य होतं आणि त्यांच्या ताम्रपटांत ठाणं ‘श्रीस्थानक’ या नावाने येतं. अंबरनाथचं शिवमंदिर बघितलंयस ना, तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, आणि ते काम याच शिलाहारांचं. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर, तो देवगिरीच्या यादवांशी लढताना समुद्रात बुडाला. हे सगळं होत होतं तेव्हा मुंबईची बेटं होतीच, नव्हती असं नाही, पण बाजार, बंदर, परदेशी व्यापारी हा सगळा गजबजाट ठाण्यात होता.

दुसरं म्हणजे मार्को पोलो. तेराव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो ठाण्याबद्दल लिहून गेलाय. इथून कमावलेलं चामडं जातं, सुती कापड जातं, आणि इथला राजा चाच्यांना सामील आहे असं सरळ लिहिलंय त्याने. सौदा असा, की चाच्यांनी जहाजं लुटायची, माल त्यांचा आणि लुटीतले घोडे राजाचे, कारण आपल्याकडे चांगले घोडे पैदा व्हायचे नाहीत आणि बाहेरून आणायचे तर फार महाग पडायचे. म्हणजे आपला तेव्हाचा कारभार काही फार सोज्वळ नव्हता हेही मावसभावाला सांग, तेवढंच प्रामाणिक वाटेल.

तिसरं मला स्वतःला सगळ्यात आवडतं. मुंबई इंग्रजांना मिळाली ती इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या १६६१ च्या लग्नाच्या करारात, आंदण म्हणून, आणि १६६८ ला ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. पण ठाणं आणि आजूबाजूचं साष्टी बेट पोर्तुगीजांकडेच राहिलं. इंग्रजांचं म्हणणं साष्टीसुद्धा आंदणात धरलेली आहे, पोर्तुगीज म्हणाले सोडा, नाव घेऊ नका. आता मुंबईतून माल निघून कल्याणला, म्हणजे घाटाच्या वाटेला लागायचं तर होडी ठाण्यावरून जाणार, आणि ठाण्यात पोर्तुगीजांचं जकातीचं ठाणं. पैसे मोजा, मग पुढे व्हा! मुंबईचे इंग्रज गव्हर्नर या जकातीच्या नावाने कितीतरी वर्षं खडे फोडत होते. जी मुंबई २०२४ पर्यंत आपल्या छोट्या गाड्यांनाही टोल लावत होती तिच्याकडून आपण तीनेकशे वर्षं आधीच वसूल करून ठेवलंय असं समज.

आणि चौथं, मराठी ग्रंथसंग्रहालय. ठाण्याचं १८९३ चं आहे.

फक्त एक कबूल करायला लागेल, मावसभाऊ अगदीच चुकीचा नाहीये. १८५३ ला रेल्वे आली आणि त्यानंतर ठाण्याचं तोंड खाडीकडून फिरून स्टेशनाकडे झालं. खाडी मागच्या दाराला गेली. आज ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाला बंदर कुठे होतं विचार, दहातले आठ जण सांगू शकणार नाहीत, जरी मीठबंदर रोडवरून रोज रिक्षाने जात असले तरी.

प्रश्न : आमच्या घरात वाद पेटलाय. नवरा म्हणतो ठाणं बेटावर आहे, सासरे म्हणतात काहीही बोलतो, आपण काय होडीने जातो का ऑफिसला. कोण बरोबर? (एक ताई, कळवा)

उत्तर : ताई, नवरा बरोबर आहे, पण तुम्ही घरात बसून हा वाद घालताय ते घर बेटावर नाहीये. सासऱ्यांना एवढं सांगितलं तरी त्यांचा मान राहील.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. साष्टी हे एक मोठं बेट आहे, दक्षिणेला वांद्रे-कुर्ल्यापासून सुरू होतं ते उत्तरेला घोडबंदरपर्यंत. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड सगळं याच बेटावर आहे. जुनं ठाणं म्हणजे नौपाडा, चरई, महागिरी, टेंभी नाका, चेंदणी, राबोडी हा भाग या बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात बसलाय. आणि कळवा, मुंब्रा, कौसा, दिवा हे महापालिका एकच असली तरी मुख्य भूमीवर, म्हणजे खाडीच्या पलीकडे.

आता गंमत इथे आहे की लोक ‘खाडी’ म्हणतात आणि दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतात. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते, तिथे काळू नदी तिला मिळते, आणि मग ठाण्याच्या उत्तरेला येऊन ती डावीकडे न वळता वायव्येला वळून घोडबंदरवरून वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. ही झाली एक. दुसरी ठाण्याची खाडी, ती खालून, म्हणजे मुंबई बंदराकडून वर येते, तिथे ती चांगली रुंद असते आणि वर ठाण्याला येईपर्यंत निमुळती होत जाते. या दोघींना जोडणारी जी बारीकशी पट्टी आहे ना, ती बरोबर तुमच्या कळव्याच्या पुलाखाली आहे. एवढ्याशा पाण्याने साष्टी बेट राहिलंय.

पुढच्या वेळी स्लो लोकलने ठाण्याहून कळव्याला जाताना दारात उभं राहून खाली बघा (आत उभं राहून बघा, दारात नको). ओहोटी असेल तर मधे पाण्याची एक करडी रेघ, दोन्ही काठांना चकचकीत काळा चिखल, त्यात तिवरांची मुळं टोकं वर करून उभी, एखादी होडी कलंडून पडलेली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तर बघायलाच नको. भरतीला तोच चिखल गायब, पाणी थेट तिवरांच्या पानांना लागतं. भरतीचं पाणी इथे दोन्ही बाजूंनी चढतं, वसईकडूनही आणि मुंबईकडूनही. जिथे पाणी सगळ्यात अरुंद तिथे उतार करायला सोपा, तिथे नाका बसवायलाही सोपा, म्हणूनच गाव इथे वसलं, दोन किलोमीटर खाली नाही आणि वर नाही.

आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर. मागे डोंगर, पुढे खाडी, मधे जी चिंचोळी जागा उरते ती ठाणं. म्हणून ते गोल न वाढता लांब वाढलं, आधी मुलुंडच्या दिशेने आणि मग घोडबंदर रोडने माजिवडा, मानपाडा, कासारवडवली, ओवळा करत पार गायमुखपर्यंत. ठाणे आणि बोरिवली सरळ रेषेत बघितलं तर शेजारी शेजारी आहेत, पण मधे अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे सगळ्यांनी डोंगराला वळसा घालायचा. आता डोंगराखालून जोडबोगदा (जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटर) काढायचं काम चालू आहे, तो झाला की सासरे परत विचारतील, बेटाखालून जातोय का आपण. हो, बेटाच्या डोंगराखालून.

प्रश्न : वडील सांगायचे की ठाण्यात किल्ला आहे. मी चाळीस वर्षं ठाण्यात राहतोय, मला कधी दिसला नाही. आहे की पडला? (एक वाचक, खारकर आळी)

उत्तर : आहे, रोज त्याच्यासमोरून जाताय. ठाणे सेंट्रल जेल म्हणतात त्याला.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतला, खाडीच्या तोंडावर. पण त्यांचं काम पुरं व्हायच्या आत मराठे आले. १७३७ ला चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणं पडलं आणि दोन वर्षांनी वसई. वसईचं सगळ्यांना माहीत असतं, तिथे हत्तीवरून मिरवणूक वगैरे गोष्टी रंगवून सांगतात, पण आधी ठाणं घेतलं म्हणून साष्टी हातात आली आणि वसईचा गळा आवळता आला हे कोणी सांगत नाही. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून किल्ला घेतला, पेशव्यांच्या घरात तेव्हा भांडणं चालली होती, राघोबादादा इंग्रजांच्या दारात उभे, ती संधी साधली त्यांनी. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची गेली.

आता मुख्य गोष्ट. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. ते बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, इंग्रजांच्या हमीवर आलेले. संशय बाजीराव दुसऱ्याचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. इंग्रजांनी दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं, पहाऱ्याला मुद्दाम सगळे गोरे शिपाई ठेवले, म्हणजे कोणी मराठी माणूस फितवता येऊ नये. डोकं तर चालवलं होतं, पण त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं ना!

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार घोडा सांभाळायला होता. तो घोडा फिरवायला म्हणून त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा, खरारा करायचा आणि गात राहायचा. पहारेकऱ्यांना वाटलं गडी कामात रमलाय. गाण्यात काय होतं तर झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, तिथे पंचावन्न घोडे आहेत आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा आला की दख्खन परत उभं राहील. अख्खा पळून जायचा प्लॅन पहाऱ्यासमोर गाऊन दाखवला राव. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी किल्ल्याच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. तो १८१८ ला परत पकडला गेला आणि मग त्याला लांब चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवला, तिथेच १८२९ ला वारला. हेबर नावाच्या इंग्रज बिशपने त्याला चुनारला कैदेत पाहिलं होतं आणि या गाण्याची हकीकत त्यानेच इंग्रजी पद्यात करून लिहून ठेवली. मूळ मराठी शब्द उरले नाहीत याची मला कायम चुटपुट लागते, मोतद्दाराचं नावही कोणी टिपून ठेवलं नाही.

त्यानंतर या जेलमध्ये जे झालं ते मात्र सुटकेचं नाही. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ ला इथे फाशी दिलं. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच. कान्हेरे तर कोवळा पोरगा होता, विशीही उलटली नव्हती. आजही ते चालू जेल असल्याने आत फिरता येत नाही, त्यामुळे ठाणेकराला किल्ला माहीत नसतो यात तुमची काही चूक नाही.

प्रश्न : पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का आणली? पुढे का नाही नेली? (बऱ्याच जणांचा प्रश्न, त्यातला एक डोंबिवलीचा, ज्यात थोडी जळजळ जाणवली)

उत्तर : कारण पुढे खाडी आहे! १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर ३४ किलोमीटर. बेटाच्या टोकापर्यंत रूळ टाकणं सोपं होतं, पुढे खाडीवर पूल बांधायचा आणि मग समोर पारसिकचा डोंगर. ते काम करून १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत लाईन गेली. डोंबिवलीकरांनी एक वर्ष धीर धरावा.

तेव्हा पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, मुंब्र्यावरून, खाडीच्या कडेकडेने रूळ नेले होते. सरळ डोंगर फोडून जो मोठा बोगदा काढला तो १९१६ चा, १.३ किलोमीटर. म्हणून वर्षानुवर्षं फास्ट गाड्या बोगद्यातून आणि स्लो मुंब्र्यावरून असं होतं, अलीकडे पाचवी-सहावी लाईन झाल्यावर ते गणित बदललं. बोगद्यात शिरल्यावर डब्यातली पोरं जी ओरडायची त्यासाठी बोगदाच हवा होता असं माझं वैयक्तिक मत.

प्रश्न : मुलुंड मुंबईत आणि त्याला चिकटलेलं कोपरी ठाण्यात, हे कोणी ठरवलं? माझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दोन्ही दिसतं. (एक वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : सरकारने, आणि दोन टप्प्यांत. मुळात आजची सगळी उपनगरं ठाणे जिल्ह्यातच होती, मुंबई उपनगर जिल्हा १९२० ला वेगळा काढला. मग १९५० ला मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत आली, १९५७ ला मुलुंड आणि दहिसरपर्यंत. तिथे थांबली. ठाण्याला स्वतःची नगरपालिका १८६३ पासून होती, ती १ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका झाली. म्हणजे मुंबई सरकत सरकत आली आणि तुमच्या गच्चीसमोर येऊन थांबली. आणखी एक थांबा पुढे आली असती तर आज तुमचा प्रॉपर्टी टॅक्स वेगळ्या खिडकीवर गेला असता, बाकी ट्रॅफिक तोच.

जिल्हा मात्र अगडबंब राहिला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा लोकसंख्येने देशात पहिला होता, एक कोटी दहा लाखांवर माणसं. एकीकडे ठाणे शहरातले मॉल आणि दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे पाडे, आणि कलेक्टर एकच. जव्हारच्या माणसाने एका दाखल्यासाठी ठाण्याला यायचं म्हणजे दिवस जायचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तो फार उशिरा झाला असं मला वाटतं.

प्रश्न : तलावांचं शहर म्हणतात, नक्की तलाव किती? (तिसरी-चौथीतल्या प्रोजेक्टवाल्या मुलांच्या आया, एकूण बऱ्याच)

उत्तर : जुन्या ठाण्यात साठेक होते असं सगळे सांगतात, आज पस्तीसच्या आसपास मोजतात, आणि प्रोजेक्टमध्ये मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, मखमली, हरियाली, कौसा, खारेगाव एवढी नावं लिहिली तरी मार्क मिळतील. पण आयांनो, पोरांना एवढं सांगा की एवढे तलाव का होते. गावाभोवती पाणीच पाणी, आणि प्यायला एक थेंब नाही, सगळं खारं. येऊरवरून पावसाचं पाणी धावत खाडीकडे जातं, ते जाण्याआधी अडवायचं, म्हणून वाटेत जागोजागी तळी. देऊळ बांधलं की शेजारी तळं आलंच. मासुंद्याच्या काठचं कोपिनेश्वर, त्याचं आत्ताचं देऊळ १७६० चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलेलं, वसई-ठाणं घेतल्यानंतरच्या काळातलं. पिंड बघितलीय ना, कमरेएवढी आहे, लहान मुलाला उचलून दाखवायला लागते.

आता प्यायला भातसा, शहाड-टेमघरकडचं पाणी येतं, तलावांची गरज संपली आणि गरज संपली की आपण काय करतो ते माहितीच आहे. काही बुजवले. काहींना एवढे कठडे, लाईट, कारंजी आणि सेल्फी पॉइंट बसवले की पाणी कुठून येणार हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. चारही बाजूंनी काँक्रीट केलं की पावसाचं पाणी आत यायचे रस्तेच बंद, मग टाकी उरते, तलाव नाही. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर, म्हणजे मासुंद्याच्या काठी, जी गर्दी लोटते त्यातल्या कितींनी पाण्याकडे बघितलं असेल कोणास ठाऊक, नवे कपडे दाखवायचे असतात.

प्रश्न : सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर एक जुनी प्रार्थनास्थळाची इमारत आहे, चर्च नाही, मशीद नाही. काय आहे? (एक वाचक, उथळसर)

उत्तर : सिनेगॉग. शआर हशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं. आपले बेने इस्रायली ज्यू, कोकणातले, घरी मराठी बोलणारे. बरेच जण इस्रायलला गेले, पण ठाण्यात अजून आहेत.

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. पत्ता नवी मुंबई, तालुका ठाणे, रेल्वे ठाण्याला जाते. आमच्या नवी मुंबईला इतिहास नाहीच का? सगळं सिडकोने सुरू केलं असं शाळेत शिकवतात. (एक शिक्षिका, ऐरोली)

उत्तर : मॅडम, सिडको म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, त्याची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधी १९६५ ला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कल्पना मांडली की मुंबई उत्तरेला किती ताणणार, खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर करा. वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला. हे सगळं बरोबर आहे, पण ते शहर मोकळ्या माळावर नाही उभं राहिलं. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं होती तिथे. दिवा (ऐरोलीजवळचं, मुंब्र्यापुढचं नव्हे), गोठिवली, तळवली, घणसोली, बोनकोडे, सारसोळे, करावे, ही नावं आज सेक्टरच्या आकड्यांमधे चेपून बसलीयत. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, एवढ्यावर गाव चालायचं. जमीन गेली, पैसे तुटपुंजे, आणि त्यावरून जो लढा झाला त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईला आणि नवघर फाट्याच्या बाजूला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटील या लढ्याचे पुढारी. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली ती या लढ्यामुळे. ‘साडेबारा टक्के’ हा शब्द नवी मुंबईत पोरंही सहज बोलतात, प्लॉटच्या भाषेत, त्यामागे पाच माणसं आहेत हे वर्गात सांगा ना.

आणि ठाण्याशी नातं तर आहेच. ठाणे-वाशी लोकल २००४ ला सुरू झाली तोपर्यंत ऐरोलीच्या माणसाला ठाणं समोर दिसायचं पण जायला बस. ऐरोली पूल १९९९ चा. मधल्या काळात खाडीचं नशीब जरा फळफळलं, २०१५ ला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ ला खाडी रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. मात्र एवढे फ्लेमिंगो का येतात याचं एक कारण फारसं गौरवाचं नाही, आपलं सांडपाणी खाडीत जातं, त्यावर शेवाळ वाढतं आणि ते त्यांचं खाणं. मुलांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात न्या, हिवाळ्यानंतर आणि भरतीची वेळ बघून, ओहोटीला गेलात तर होडीच निघत नाही.

प्रश्न : वागळे इस्टेट आणि पोखरण रोडला एवढे कारखाने होते, गेले कुठे? (एक निवृत्त फिटर, लोकमान्यनगर)

उत्तर : साहेब, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, एमआयडीसी १९६२ ला निघाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेट. पोखरण रोडची लोकरीची गिरणी त्याच्याही आधीची, १९२५ ची, पुढे रेमंड म्हणून नावारूपाला आली. बाजूला कोलशेत, माजिवड्याला औषधांचे, रंगांचे, मशिनरीचे कारखाने. सांगली-साताऱ्याहून, कोकणातून, खानदेशातून आलेला माणूस इथे पर्मनंट झाला, सोसायटीत वन रूम किचन घेतलं, पोरांना शिकवलं. मग जमिनीचा भाव असा चढला की कारखाना चालवण्यापेक्षा जागा विकणं परवडायला लागलं. आज ज्या टॉवरचं नाव इंग्रजीत ग्रीन किंवा मेडोज आहे त्याच्या खाली बहुतेक वेळा एखादं शॉप फ्लोअर किंवा भाताचं खाचर आहे. तुमच्याकडे जुने बिल्ले, पगाराच्या स्लिपा, संपाची पत्रकं असतील तर टाकून देऊ नका, ग्रंथसंग्रहालयात विचारा, नाहीतर आमच्याकडे फोटो काढून पाठवा, छापू.

प्रश्न : मिसळीला मामलेदार का म्हणतात? (जांभळी नाक्यावरून, बहुधा रांगेतून)

उत्तर : मामलेदार कचेरीला लागून आहे म्हणून. तिखट सांगताना विचार करा.

प्रश्न : एका सकाळी चालत चालत जुनं ठाणं बघायचं असेल तर कुठून कुठे जावं? बरोबर सत्तरीची आई आहे. (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : रविवारी सकाळी सात-साडेसातला या, त्यानंतर नको, रस्ता ओलांडता येत नाही. स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने जांभळी नाका, आईला तिथपर्यंत चालवू नका. आधी कोपिनेश्वर, मग तलावपाळीला अर्धी फेरी, बाकं आहेत, बसता येतं. गडकरी रंगायतन तिथेच, १९७८ पासून. तिथून टेंभी नाका, पुढे सिनेगॉग बाहेरून बघा, आत जायचं तर आधी परवानगी लागते. तसंच पुढे जेलची दगडी भिंत लागेल, तीच किल्ल्याची खूण, फक्त मोबाइल बाहेर काढू नका, पहारेकरी हटकतात. आईचे पाय चालत असतील तर कळव्याच्या पुलापर्यंत जा आणि भरती आहे का ओहोटी ते आधी नेटवर बघून ठेवा, भरतीला वास कमी येतो. परत यायला पुलाच्या अलीकडूनच शेअर रिक्षा घ्या, पलीकडे गेलात तर त्या कळवा स्टेशनला सोडतात.